फाडलेलं वेळापत्रक

सुहासभावजी गेले तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' तो वाचून मी फोन सोफ्यावर फेकला. अल्पसा? पंधरा वर्षं आमच्या डोळ्यांदेखत चाललेला आजार अल्पसा कसा होतो, ते मला कोणीतरी समजावून सांगावं. शोकसभेला कम्युनिटी हॉल भरला होता. चौघं बोलले, आणि चौघांनीही हार्टचं नाव घेतलं. दारू हा शब्द कोणी उच्चारला नाही. मीही नाही. घरी आल्यावर त्याचा मला इतका संताप आला की स्वयंपाक न करता तशीच बसून राहिले. म्हणून आता लिहितेय.

सुहास कर्णिक मूळचे नागपूरचे. इथे मिल्टन कीन्समध्ये आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. माझा नवरा मिलिंद आणि ते सुरुवातीला एकाच कंपनीत होते, त्यामुळे ते माझे भावजी आणि मी त्यांची वहिनी, हे नातं पहिल्या दिवसापासून ठरून गेलं. उंच, किडकिडीत, कायम इस्त्रीचा शर्ट. सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट्सचं प्लॅनिंग करणं ही त्यांची नोकरी, आणि प्लॅनिंग हाच स्वभाव. दिवसभर कंप्युटरवर काम करणारा हा माणूस स्वतःची सगळी वेळापत्रकं मात्र हाताने लिहायचा. चौकटी आखलेली वही नागपूरहून यायची आणि चार रंगांचं पेन कायम खिशाला. निळ्याने काम, काळ्याने माणसाचं नाव, जिथे गडबड होण्याची शक्यता तिथे लाल, आणि काम झालं की समोर हिरवी टिक. ती टिक करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मंडळाच्या गणपतीचं वेळापत्रक तेच करायचे. 'अकरा दहाला मोदक उकडायला ठेवणे. अकरा पंचवीसला झाकण काढणे, निशा. त्याआधी कोणीही झाकण काढू नये, विशेषतः निशा.' निशा म्हणजे मी. एकदा पिकनिकच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं, 'बारा पाच ते बारा दहा, पाऊस पडल्यास एकमेकांना दोष देणे.' पाऊस पडला, आणि बरोबर पाच मिनिटांनी त्यांनी सगळ्यांना गप्प करून हिरवी टिक केली. काहीही अडलं की त्यांचं एकच वाक्य, 'होऊन जाते ना वहिनी, कायचं टेन्शन.' आणि खरंच होऊन जायचं, कारण ते आदल्या आठवड्यात सगळं करून बसलेले असायचे.

शर्टाच्या खिशात बडीशेप असायची. पोरं त्यांना बडीशेपकाका म्हणायची आणि बिनधास्त खिशात हात घालायची. त्या बडीशेपेचा अर्थ आम्हा मोठ्यांपैकी एकालाही कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कारण पार्टीत ते कधी झिंगलेले दिसले नाहीत. बाकीचे पुरुष तिसऱ्या ग्लासाला गाणी म्हणायला लागायचे, आणि हे एकच ग्लास हातात धरून सगळ्यांना जेवायला वाढायचे. शिवाय श्रावण. सुहासभावजी श्रावण कडक पाळायचे. महिनाभर एक थेंब नाही. गटारीला सगळ्यांसमोर ग्लास उपडा ठेवायचे, तो पोळ्यापर्यंत उपडाच. आमच्यातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी हे वाक्य बोललं गेलंय, 'श्रावण पाळतो ना तो? ज्याला व्यसन असतं त्याला जमेल का हे?' झालं, सर्टिफिकेट मिळालं. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात त्यांना दरदरून घाम फुटायचा, तीर्थ देताना पळी हातात थरथरायची, एरवी गोड बोलणारा माणूस बायकोवर खेकसायचा. आम्ही म्हणायचो, उपासाने पित्त झालंय. मी स्वतः त्यांना कोकम सरबत नेऊन दिलंय.

पहिल्यांदा खरं बोलली ती त्यांची मुलगी. ईशा तेव्हा बारा वर्षांची होती. रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग असायचा आणि सुहासभावजी चार मुलांना गाडीतून घरी सोडायचे. त्यात माझा अर्णवही. एका रविवारी अर्णव हसत घरी आला. काकांनी म्हणे एका राउंडअबाउटला चार फेऱ्या मारल्या, फार मजा आली. आमच्या गावात राउंडअबाउटांना तोटा नाही, त्यामुळे मलाही हसू आलं. अर्ध्या तासाने दारावरची बेल वाजली. ईशा उभी होती. राउंडअबाउट सुटल्यावर पहिल्याच लाल सिग्नलला गाडीतून उतरून ती सायकलवाल्यांच्या रेडवेवरून एकटी चालत आली होती. बूट चिखलाने भरलेले.

"मावशी, बाबा मजा नाही करत होता," ती म्हणाली. "ही इज ड्रंक. अर्णवला नको पाठवू त्याच्या गाडीत."

सकाळचे साडेअकरा वाजले होते.

मी काय केलं ते सांगते. तिला पाणी दिलं, बूट पुसून दिले आणि अर्णवला त्या गाडीत पाठवणं बंद केलं. वर्गाची वेळ जमत नाही अशी थाप मारली. सुहासभावजींच्या बायकोला, वृंदाला, चकार शब्द बोलले नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं मिलिंद म्हणाला आणि मला ते सोयीचं वाटलं. बाकीची दोन पोरं त्याच गाडीत बसत राहिली. देवाची कृपा म्हणून त्यांना काही झालं नाही. आमची कृपा त्यात काडीची नव्हती.

ईशा मात्र त्या दिवसानंतर बापाच्या गाडीत बसली नाही. शाळा, डॉक्टर, वाढदिवस, सगळीकडे चालत किंवा बसने. सुहासभावजी दर रविवारी तिच्या शेजारच्या सीटचं दार उघडून उभे राहायचे. ती मान खाली घालून पुढे निघून जायची, आणि ते दार हळूच लावून घ्यायचे. दार आपटलेलं मी कधीच ऐकलं नाही.

तीन वर्षांनी, जुलै संपता संपता, वृंदा माझ्याकडे आली. ती कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करते, बोलणं मोजकं. चहाला हात न लावता म्हणाली, "निशा, फ्लास्कमध्ये असते. स्टीलच्या. सकाळी दात घासायच्या आधी लागते त्यांना. मी आता नाही थांबू शकत. साउथहॅम्प्टनला ताईकडे जाते ईशाला घेऊन. शेवटचं सांगितलंय, यंदा श्रावण धरा आणि पुन्हा सुरूच करू नका. श्रावणात प्यायलात तर त्या दिवशी आम्ही निघालो."

"ते काय म्हणाले?"

"पाळतो म्हणाले. पण मी दिवसभर ऑफिसात."

मला ही योजना एकदम पटली. इतकी वर्षं पाळलाय ना श्रावण, मग यंदाही पाळतील, आणि यंदा पुढे नेतील. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, ऑगस्टभर मला सुट्टी. मीच म्हणाले, सकाळी नऊ ते पाच मी बसते पहाऱ्याला. बघतेच कसे पितात.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी वृंदाने आणि मी घर धुंडाळलं. धुण्याच्या बास्केटमध्ये एक बाटली, बॉयलरमागे एक, आणि पोटमाळ्यावर मंडळाच्या गणपतीचं मखर ठेवलेल्या खोक्यात तीन. ते मखर बघून माझं डोकंच फिरलं. मी बाटल्या एकेक करून सिंकमध्ये ओतल्या. वृंदाला उशीर होत होता, ती निघून गेली. सुहासभावजी स्वयंपाकघराच्या दारात इस्त्रीच्या शर्टात उभे होते.

"वहिनी, असं एकदम नका करू," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सला भेटून आलो मी. ती म्हणते, इतकी वर्षं रोज घेणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते. रोज थोडी थोडी कमी करायची. तिनं सांगितलं तसं लिहून काढलंय मी."

फ्रिजवर कागद लावलेला होता. चौकटी, चार रंग, सगळं त्यांच्या पद्धतीने. सकाळी किती, दुपारी किती, संध्याकाळी किती. दर दोन दिवसांनी माप खाली येत होतं. कोणत्या दिवशी नर्सला फोन करायचा ते लाल रंगात. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'पोळा. शून्य.' वरच्या तीन दिवसांपुढे हिरव्या टिका झालेल्या होत्या.

मी काय वाचलं? मी वाचलं, श्रावणात दारू प्यायचं वेळापत्रक. इतक्या वर्षांत या माणसाने कारणं कमी दिली नव्हती. क्लायंटचं डिनर, सर्दी, इथली थंडी, आई गेल्याचं दुःख. आता नवीन कारण नर्सच्या नावावर, आणि तेही चार रंगांत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, लाज वाटत नाही?" मी म्हणाले. "पोरगी चाललीय घर सोडून, आणि तुम्ही माप ठरवताय?"

"वृंदाला सांगायचं होतं मला. ती ऐकूनच घेत नाही. तुम्ही तरी फोन करून विचारा नर्सला. नंबर खाली लिहिलाय."

नंबर खरंच खाली लिहिला होता. मी तो बघितला. आणि कागद फ्रिजवरून ओढून काढला, त्याचे चार तुकडे केले आणि रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. ते त्या डब्याकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "होऊन जाते."

पहिला दिवस त्यांनी काढला. हात थरथरत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. दुपारी एकदा म्हणाले, "वहिनी, एकच घोट. औषध म्हणून." मी टीव्हीचा आवाज वाढवला. पाच वाजता वृंदा आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, पहिला दिवस पार पडला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसले होते. पट्टी धरून रेघा मारत होते आणि रेघ पट्टी सोडून पळत होती. ईशा वर तिच्या खोलीत होती. मी पोहे फोडणीला टाकले.

"वहिनी, टेबलावर एवढ्या मुंग्या कुठून आल्या?"

टेबल स्वच्छ होतं. मी म्हणाले, "पोटात काही नसलं की भास होतात. खाऊन घ्या."

मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. ते जमिनीवर होते. अंग लाकडासारखं ताठ, दातखीळ बसलेली, मग हातपाय झटके देऊ लागले आणि डोकं फरशीवर आपटायला लागलं. आणि मी काय करावं? मी कांदा शोधायला धावले. फिट आली की कांदा हुंगवायचा, हे लहानपणी बघितलेलं तेवढं डोक्यात होतं. टोपलीतून कांदा काढून तो हाताने फोडायला बघत होते तेवढ्यात ईशा जिना उतरून आली. तिने मला हाताने बाजूला केलं. खुर्ची लांब ढकलली, त्यांच्या डोक्याखाली स्वतःचं जॅकेट सारलं आणि फोन स्पीकरवर टाकून ९९९ फिरवला. पलीकडची बाई विचारत होती आणि ही पंधरा वर्षांची पोर उत्तरं देत होती.

"ही इज ॲन अल्कोहोलिक," ती म्हणाली. "दे मेड हिम स्टॉप."

त्या घरात हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला. झटके थांबल्यावर तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. पोहे करपले. मी कांदा धरून तशीच उभी होते.

हॉस्पिटलमध्ये दुसरी फिट आली. पुढचे दोन दिवस ते कोणालाच ओळखत नव्हते, चादरीवरच्या मुंग्या झटकत होते आणि मधूनच कोणाला तरी मोदकाचं झाकण काढू नका म्हणून विनवत होते. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. मी कॉटच्या पायथ्याशी असताना एक तरुण डॉक्टरीण आली. तिने शांतपणे सांगितलं की, असं एकाएकी बंद करणं जीवघेणं ठरू शकतं, आणि दवाखान्यातल्या नर्सने हे तुम्हाला समजावल्याची नोंद माझ्यासमोर आहे. मग सल्ला कोणी मोडला?

सुहासभावजींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीच," ते तिला इंग्रजीत म्हणाले. "आमचा उपासाचा महिना असतो. मला वाटलं, जमेल."

इतकी वर्षं हा माणूस स्वतःसाठी खोटं बोलला होता, आणि आम्ही ते मुकाट्याने चालवून घेतलं. एकदाच खरं बोलला, तेव्हा मी कागद फाडला. आणि आता परत खोटं बोलत होता, ते माझ्यासाठी. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. डॉक्टरीण गेल्यावर ते म्हणाले, "वहिनी, घरी जा. दमलात तुम्ही."

औषधांनी ते त्या वेळी सावरले. दिवाळीपर्यंत टिकले. मग फ्लास्क परत आला. वसंत लागला तेव्हा वृंदा ईशाला घेऊन साउथहॅम्प्टनला गेली. तिला मी एका शब्दाने दोष देणार नाही. फिटनंतर सुहासभावजींचं लायसन्स गेलं होतंच, पुढे नोकरी गेली, घर विकलं, आणि ते स्टेशनजवळ एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी महिन्यातून एकदा डबा न्यायची. दर वेळी जिना चढताना ठरवायची, आज बोलायचं. आणि दर वेळी भाजीत मीठ कमी आहे का एवढं विचारून परत यायची. तिथून निघताना मी जरा जवळ वाकून वास घ्यायची, आणि त्यांना ते कळायचं.

मंडळात आता त्यांचं नाव निघत नव्हतं. गणपतीचं वेळापत्रक दुसऱ्या कोणीतरी लॅपटॉपवर केलं, आणि मोदक कच्चे राहिले.

त्यांना शेवटचं बघितलं ते सप्टेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी. मी गाडीने भाजी आणायला निघाले होते आणि ते बसस्टॉपवर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, अंगात दोन मापं मोठा झालेला. डोळ्यांत पिवळेपणा. मी गाडी पुढे लावून चालत मागे आले.

"साउथहॅम्प्टनला चाललोय," ते म्हणाले. "ईशानं बोलावलंय. सात आठवडे झाले वहिनी. या वेळी त्या नर्सच्या पद्धतीनं सोडली, हळूहळू."

मी नकळत वाकले. ते किंचित हसले आणि खिसा उलटा करून दाखवला. बडीशेप नव्हती. वास नुसता साबणाचा येत होता.

"चला, मी सोडते," मी म्हणाले. "दोन तासांत पोचू."

"नको. तिला सांगितलंय, माझा मी येईन. तुम्ही आणून सोडलं तर तिला वाटेल, बाबाला कोणीतरी धरून आणलं."

बसला अजून वेळ होता. मी म्हणाले, "भावजी, तो कागद मी फाडला. तुम्ही नर्सचा नंबर दिला होता, मी फोनही केला नाही. तुम्ही मेला असतात माझ्यामुळे."



"वहिनी, त्याआधी मी खरं बोललोच कधी होतो?" ते म्हणाले. "ओळखणार कसं तुम्ही?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही लोकांच्या रांगेत. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तोच चौकटींचा कागद. पहिली ओळ, 'आठ चाळीस, बस.' मग लांब पल्ल्याचा कोच, मग दुसरी बस. शेवटच्या ओळीत, 'तीन वाजता, ईशा.' परतीचं काही लिहिलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ती जा म्हणेल तेव्हा. रेघा वाकड्या होत्या. हाताची थरथर आता कायमचीच राहिली होती.

बस वळणावर दिसली. त्यांनी पेन काढलं, हिरवा खटका दाबला आणि कागद हातावर धरून बघितला. टोक चौकटीत ठरेना.

"तुम्ही करा," ते म्हणाले आणि कागद माझ्यापुढे धरला.

मी पेन घेतलं. पहिल्या ओळीपुढे हिरवी टिक केली. त्यांनी ती नीट बघितली, कागद खिशात ठेवला आणि बसमध्ये चढले. वरच्या मजल्यावर जाऊन खिडकीशी बसले, आणि बस राउंडअबाउटला वळून दिसेनाशी झाली.

भाजी आणायची राहूनच गेली. घरी येऊन मी दिवसभर घड्याळाकडे बघत होते. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजून गेले. कोचच्या स्टँडवर दुकान असतं, दुकानात सगळं मिळतं, हे मला माहीत होतं. मिलिंद दोनदा म्हणाला, बस की जरा. चार वाजता फोन वाजला. ईशाचा मेसेज होता.

'मावशी, बाबा आला. बरोबर तीनला. लास्ट टिक मी केली.'